साखरपुड्याच्या ग्रुपवरची कवटी

माझ्या पुतण्याचा साखरपुडा ठरला, तेव्हा दोन्ही घरच्या मंडळींचा मिळून व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप तयार झाला. आम्ही बेळगावचे, शहापुरातले, मुलीकडचे धारवाडचे. आमच्याकडच्या पुण्या-मुंबईत वाढलेल्या मुलांना कन्नड येत नाही आणि त्यांच्याकडच्या तरुण मंडळींना मराठी बेताचेच समजते, म्हणून कोणी न ठरवताही ग्रुपची भाषा इंग्रजी झाली. तिसऱ्या दिवशी माझे थोरले बंधू फेटा बांधून पाहत असताना तो घसरून त्यांच्या नाकापर्यंत आला, आणि नेमका त्याच क्षणी टिपलेला फोटो कोणीतरी ग्रुपवर टाकला. मँचेस्टरला वाढलेल्या माझ्या भाचीने त्याखाली चार कवट्या पाठवल्या. शब्द एकही नाही. नुसत्या ओळीने चार कवट्या.

दहा मिनिटांत वहिनींचा फोन आला. “भावोजी, तुम्ही इंग्रजीचे मास्तर ना? तिला काहीतरी सांगा की. शुभकार्याच्या ग्रुपवर कवट्या टाकतात होय? धारवाडची मंडळी काय म्हणतील?”

मी भाचीला विचारले, तर तिलाच आश्चर्य वाटले. “मामा, मला खूप हसू आलं, एवढंच. हसून हसून मेले, म्हणून कवटी.” हे मी वहिनींना सांगितले आणि त्या जरा वेळ गप्प झाल्या, कारण त्याच सकाळी तोच फोटो पाहून “हसून हसून मेलो बाई” हे उद्गार त्यांच्याच तोंडून निघाले होते आणि ते मी ऐकले होते. कल्पना एकच होती. एकीने ती बेळगावच्या मराठीत बोलून दाखवली आणि दुसरीने मँचेस्टरच्या शाळेतल्या मुलींच्या पद्धतीने चित्रात मांडली.

असे प्रसंग आता घरोघरी घडतात, आणि वर्षाअखेरीस वर्तमानपत्रांत ‘यंदाचा शब्द’ छापून आला की त्यांची चर्चाही होते. ऑक्सफर्डने २०२३ साठी ‘रिझ’ हा शब्द निवडला. त्याचा अर्थ समोरच्यावर, विशेषतः प्रेमाच्या बाबतीत, छाप पाडण्याची हातोटी. २०२४ साठी ‘ब्रेन रॉट’ निवडला, म्हणजे मोबाइलवर निकृष्ट मजकूर सतत पाहून मेंदूला चढणारे बुरसटलेपण. २०२५ साठी ‘रेज बेट’ आला, म्हणजे लोकांचा राग पेटावा म्हणूनच लावलेला गळ. डिक्शनरी डॉट कॉम या संकेतस्थळाने तर २०२५ साठी ‘सिक्स-सेव्हन’ हे आकडेच निवडले, ज्यांना ठरावीक अर्थच नाही. हे सारे वाचून माझ्या वयाची माणसे विचारतात की आपण शाळेत जे इंग्रजी शिकलो ते गेले कुठे. मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत तीस वर्षे इंग्रजी शिकवले, आणि या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की ते कुठेही गेलेले नाही. आपणच त्याच्या चालण्याकडे कधी नीट पाहिले नव्हते.

स्लँग म्हणजे नेमके काय

‘स्लँग’ या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द रुळलेला नाही. एखाद्या गटाने आपापसांत वापरायचे, औपचारिक लिखाणात न बसणारे आणि बहुधा अल्पायुषी असे शब्द म्हणजे स्लँग, एवढी व्याख्या या लेखापुरती पुरेशी आहे. बोली आणि स्लँग यांत फरक आहे. बोली ही प्रदेशाची असते आणि ती आजीकडून नातवाकडे जाते. स्लँग हे वयाचे, वसतिगृहाचे, धंद्याचे किंवा चौकातल्या कट्ट्याचे असते आणि ते आजीला कळू नये हाच पुष्कळदा त्याचा हेतू असतो.

आपण लहानपणी ‘च’ची भाषा बोलत होतो, हे आठवून पाहावे. शब्दाचे पहिले अक्षर शेवटी न्यायचे आणि सुरुवातीला ‘च’ लावायचा, म्हणजे ‘तुला’चे ‘चलातु’ होई. त्या भाषेत आम्ही काही फार गुप्त बोलत नव्हतो. बहुतेक वेळा कैऱ्या कोणाच्या झाडाच्या पाडायच्या एवढाच विषय असे. परंतु ती ज्याला येते तो आपला आणि ज्याला येत नाही तो परका, ही वाटणी ती चोख करीत असे. स्लँगचे मुख्य काम हेच आहे. ‘सिक्स-सेव्हन’ असे ओरडणाऱ्या मुलाला त्याचा अर्थ विचारणे हे ‘अडगुलं मडगुलं’ म्हणणाऱ्या आजीला मडगुलं म्हणजे काय हे विचारण्यासारखे आहे. तिथे अर्थापेक्षा सोबत महत्त्वाची असते.

यावरून स्लँग लवकर का मरते, हेही कळते. परवलीचा शब्द शत्रूला कळला की पहारेकरी तो बदलतात. तरुणांचा एखादा शब्द जाहिरातीत आला, वडिलांच्या तोंडी आला आणि मुख्याध्यापकांनी स्नेहसंमेलनाच्या भाषणात वापरला, की मुले तो टाकून देतात. मी स्वतः एकदा दहावीच्या वर्गात मुलांचाच एक शब्द वापरून पाहिला होता; त्यानंतर तो शब्द त्या वर्गात पुन्हा ऐकू आला नाही.

अर्थ कसे सरकतात

शब्द जगले तरी त्यांचे अर्थ जागेवर राहत नाहीत, आणि हे केवळ स्लँगचे नव्हे तर साऱ्या भाषांचे आहे. इंग्रजीत ‘मीट’ म्हणजे पूर्वी कोणतेही अन्न होते, आता फक्त मांस आहे. संस्कृतात ‘मृग’ म्हणजे कोणताही पशू होता, म्हणूनच सिंहाला मृगेंद्र म्हणतात. मराठीत तो फक्त हरिण राहिला. याला अर्थसंकोच म्हणतात. उलट, तिळापासून निघते ते तैल, परंतु आज आपण शेंगदाण्याचे, खोबऱ्याचे आणि रॉकेलचेसुद्धा तेलच म्हणतो. हा अर्थविस्तार झाला. ‘सिली’ हा इंग्रजी शब्द एकेकाळी भाग्यवान, पुण्यवान अशा अर्थाचा होता आणि घसरत घसरत मूर्खापर्यंत आला. आपल्याकडे ‘शिष्ट’ म्हणजे सुसंस्कृत मनुष्य, परंतु “फार शिष्ट आहे हो तो” या वाक्यात कौतुक कोणालाही दिसणार नाही. ‘नाइस’चा प्रवास उलट्या दिशेने झाला, त्याचे मूळ लॅटिनमधल्या ‘अजाण’ या अर्थाच्या शब्दात आहे आणि कित्येक शतके तो मूर्खालाच लावला जाई. ‘साहस’ हा शब्दही जुन्या धर्मशास्त्रात बळजबरीच्या गुन्ह्यांसाठी येतो. आज साहसाबद्दल बक्षिसे दिली जातात.

सर्वांत लवकर झिजतात ते जोर देणारे शब्द. याचे कारण मिरची खाणाऱ्याला सांगावे लागणार नाही. ज्याने रोज ब्याडगी खाल्ली त्याला ती काही दिवसांनी गोड लागू लागते, मग तो संकेश्वरीकडे वळतो, आणि तीही सरावाची झाली की खर्डा मागतो. ‘ऑफुल’ म्हणजे धाक वाटावा असे, ‘टेरिफिक’ म्हणजे भय उत्पन्न करणारे. दोन्हींतले तिखट उडाले आणि एक ‘वाईट’ व दुसरा ‘उत्तम’ एवढ्यावर येऊन थांबला. आजची मुले एखाद्या गोष्टीला ‘सिक’ म्हणतात, तेव्हा ती आजारी आहे असे नव्हे तर झकास आहे असे त्यांना म्हणायचे असते. यावर हसण्यापूर्वी आपण “भयंकर सुंदर साडी” आणि “खतरनाक बॉलिंग” असे म्हणतो की नाही, हे पाहावे. कोल्हापूरपासून निपाणीपर्यंतची मुले एखाद्या गोष्टीची वाखाणणी करताना “विषय हार्ड” म्हणतात. तिथला ‘हार्ड’ इंग्रजी आहे, परंतु त्या अर्थाने तो लंडनमध्ये कोणालाही समजणार नाही, कारण तो अर्थ पंचगंगा आणि वेदगंगा यांच्या काठी घडलेला आहे.

शब्द परततात तेव्हा

इंग्रजीच्या या प्रवासात आपला मुलूख केवळ गिऱ्हाईक नाही, हे विशेष सांगण्यासारखे आहे. बेळगावच्या कॅम्पात आजही बंगल्यांच्या रांगा आहेत, आणि ‘बंगलो’, ‘व्हरांडा’, ‘लूट’, ‘पक्का’ हे शब्द भारतातल्या अशाच छावण्यांतून आणि कचेऱ्यांतून इंग्रजीत गेले. मुंगूस या प्राण्याचे इंग्रजी नाव तर थेट मराठीवरून आले आहे. गोऱ्या सोजिरांनी ‘देखो’वरून ‘डेको’ उचलला, आणि एक नजर टाकणे याला ते ‘डेको घेणे’ म्हणू लागले. ‘विलायती’ हा शब्द त्यांच्या तोंडी ‘ब्लायटी’ झाला, आणि पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत ब्लायटी म्हणजे आपले घर, आपला देश हा अर्थ रुळला. ज्या शब्दाने आपण परक्या मुलखाची चिंच आणि दारू ओळखतो, त्याच शब्दाने ते आपल्या आईच्या घराला हाक मारत होते. ‘खुश’वरून आलेला ‘कुशी’ हा शब्द आजही इंग्लंडात ऐषआरामाच्या नोकरीसाठी वापरतात. अशा शब्दांचा एक मोठा कोश १८८६ मध्ये निघाला आणि त्याचे नाव ‘हॉब्सन-जॉब्सन’ असे आहे. मोहरमच्या मिरवणुकीतली “या हसन, या हुसेन” ही आरोळी गोऱ्या शिपायांच्या कानांना जशी ऐकू आली, तसे ते नाव पडले.

म्हणजे त्या काळी यांतले काही शब्दही स्लँगच होते. बराकीत बोलले जाणारे, साहेबांच्या बायकांना न आवडणारे.

एक इंग्रजी, अनेक गावे

साखरपुड्याच्या ग्रुपवर परत जाऊ. मुलीच्या वडिलांनी एका गृहस्थांची ओळख करून देताना लिहिले की हे माझे गदगचे को-ब्रदर. माझ्या भाचीने मला वेगळा निरोप पाठवून विचारले की सहकारी भाऊ म्हणजे काय, ते दोघे मिळून एखादा धंदा करतात का? को-ब्रदर म्हणजे साडू, कन्नडमध्ये षड्डक. बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याला इंग्रजांकडे वेगळे नावच नाही; ते त्यालाही ‘ब्रदर-इन-लॉ’च म्हणतात, मेहुण्यालाही तेच आणि दिरालाही तेच. आपल्या समाजात साडू आणि मेहुणा यांचे मानपान वेगळे, थट्टामस्करीचे हक्क वेगळे, आहेराची पाकिटेही वेगळी. ही गरज इंग्रजीने भागवली नाही, म्हणून दक्षिणेतल्या लोकांनी इंग्रजीच्याच मालमसाल्यातून तो शब्द घडवला, आणि जावेसाठी ‘को-सिस्टर’ही घडवला. ही चूक आहे असे मला मुळीच वाटत नाही. घराला एक खोली कमी पडत होती, ती बांधून घेतली, इतकेच.

दुसऱ्या दिवशी धारवाडहून निरोप आला की कार्यक्रम ‘प्रीपोन’ झाला आहे, म्हणजे ठरल्या वेळेआधी घेतला आहे. याबाबतीत मला एक कबुली द्यायची आहे. पोस्टपोन म्हणजे पुढे ढकलणे, तर अलीकडे ओढणे म्हणजे प्रीपोन, हे तर्कशास्त्र एका विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत वापरले होते आणि मी लाल शाईने तो शब्द खोडून अर्धा गुण कापला होता. पुढे तोच शब्द मला ऑक्सफर्डच्या कोशात सापडला. तो मुलगा आता कुठे आहे मला ठाऊक नाही, परंतु त्याचा अर्धा गुण माझ्याकडे बाकी आहे.

काही वेळा शब्द तेच असतात, पण त्यांच्याखालचे व्याकरण आपले असते. “आय केम यस्टरडे ओन्ली” असे आपल्याकडची माणसे म्हणतात. इंग्रज माणूस ‘ओन्ली’चा अर्थ ‘फक्त’ असा घेतो आणि गोंधळतो, कारण आपल्याला म्हणायचे असते “मी कालच आलो”, आणि तो ‘ओन्ली’ म्हणजे आपला ‘च’ आहे. कन्नडातही शब्दाला जोर देण्यासाठी शेवटी असाच प्रत्यय लागतो, त्यामुळे बेळगावच्या बाजारात या ‘ओन्ली’ला दोन्ही बाजूंनी पाठिंबा आहे. “कम नो” म्हणजे “ये ना”. आणि गर्दीच्या बसमध्ये तिघांच्या बाकावर चौथा माणूस “स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि” म्हणतो, किंवा “थोडं अ‍ॅडजस्ट करा की” म्हणतो, तेव्हा इंग्लंडात यंत्राच्या स्क्रूसाठी वापरायचे क्रियापद आपण माणसांच्या मांड्यांसाठी वापरत असतो. त्या एका शब्दात विनंती असते, हक्क असतो आणि आपण नाही म्हणणार नाही हा विश्वासही असतो. टिळकवाडीत “दुसऱ्या गेटाजवळ ये” असे सांगितले, तर परगावचा माणूस एखादा दरवाजा शोधत फिरेल. आपल्याला ते रेल्वेचे फाटक आहे हे माहीत असते.

हे फक्त आपल्याकडेच होते, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. इंग्लंड आणि अमेरिका यांचे तरी कुठे जमते! दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश आणि अमेरिकन सेनाधिकाऱ्यांच्या एका बैठकीत ‘टेबल’ या क्रियापदावरून लांबलचक वाद झाला. ब्रिटिशांना तो विषय तातडीने चर्चेला घ्यायचा होता म्हणून ते ‘टेबल करू’ म्हणत होते, आणि अमेरिकनांच्या भाषेत ‘टेबल करणे’ म्हणजे बासनात गुंडाळणे असल्यामुळे ते जोरजोरात विरोध करीत होते. दोन्ही बाजूंचे म्हणणे एकच होते, हे बऱ्याच वेळाने लक्षात आले. चर्चिल यांनी हा किस्सा स्वतः लिहून ठेवला आहे. आपली मुले खोडरबराला ‘रबर’ म्हणतात, ते ब्रिटिश वळण आहे; अमेरिकेत वर्गात उभे राहून रबर मागितले, तर कुटुंबनियोजनाचे साधन मागितल्यासारखे होते. ‘पास्ड आउट’ म्हणजे आपल्याकडे पदवीधर झाला, तिकडे बेशुद्ध पडला. ‘डू द नीडफुल’, म्हणजे आवश्यक ते करावे, हा आपल्या सरकारी पत्रांतला लाडका प्रयोग इंग्रजांनीच शिकवला आणि ते स्वतः तो विसरून गेले. माहेरी बंद पडलेली रीत सासरी चालू राहावी, तसे हे झाले आहे.

एका छताखाली दोन पिढ्या

प्रदेशाचा फरक निदान कळून येतो, कारण समोरचा मनुष्य परका आहे हे आपण धरून चालतो. पिढीचा फरक जास्त फसवा आहे, कारण माणूस घरातला असतो, जेवायला शेजारी बसलेला असतो आणि तरी त्याचा पूर्णविराम आपल्याला कळत नाही.

पूर्णविराम हा शब्द मी गमतीने वापरलेला नाही. अमेरिकेतील बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये विद्यार्थ्यांना मोबाइलवरचे छोटे निरोप दाखवले. ज्या एकशब्दी उत्तराच्या शेवटी पूर्णविराम होता ते त्यांना कमी मनापासून दिलेले वाटले, आणि तेच उत्तर हस्ताक्षरात कागदावर दिले तर तसे वाटले नाही. याचे कारण असे की मोबाइलवर निरोप पाठवला की वाक्य आपोआप संपते. पूर्णविरामाची गरज उरत नाही. गरज नसताना जे चिन्ह येते, त्याला लोक काहीतरी अर्थ चिकटवतात. आम्ही “ओके.” असे लिहून समाधानाने चष्मा उतरवतो, आणि पलीकडे मुलगा विचार करत बसतो की बाबा कशावरून रागावले. अंगठ्याच्या चिन्हाचेही तसेच आहे. आमच्या पिढीला अंगठा म्हणजे आनंदाने दिलेली संमती वाटते. पुष्कळ तरुणांना तो तुटक वाटतो, “बरं, कळलं, आता पुरे” अशा थाटाचा.

जोर देण्याचीही फॅशन पालटते. रेकॉर्डच्या चरीवरून निघालेला ‘ग्रूव्ही’ हा शब्द साठ-सत्तरच्या दशकांत तरुणांच्या तोंडी होता, आणि आज तो वापरला तर माणसाचे वय कळते. ‘कूल’ मात्र अमेरिकेतील कृष्णवर्णीय जॅझ वादकांच्या मंडळींतून वर आला आणि पाऊणशे वर्षे उलटली तरी टिकून आहे. त्याचे एक कारण हे असावे की त्याचा अर्थ ढगळ आहे. तो कपड्याला, माणसाला, कल्पनेला आणि नकार न देण्यालाही चालतो. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. आज इंटरनेटवरचे म्हणून जे इंग्रजी मुले उचलतात, त्यातला मोठा भाग अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या बोलीतून आलेला आहे. खोटे नाही, खरे सांगतो, या अर्थाचा ‘नो कॅप’ हा त्यातलाच. ज्या बोलीला शाळांनी अशुद्ध ठरवले, तिचेच शब्द जगभर मिरवले जातात आणि बोलणारे मागे राहतात. ग्रामीण मराठी मालिकांत विनोदासाठी वापरलेली पाहणाऱ्याला हा प्रकार अनोळखी वाटू नये.

ही भाषेची नासाडी नव्हे काय?

हा आक्षेप सर्वांत जुना आहे. इंग्रजी गद्याचा नामांकित लेखक जोनाथन स्विफ्ट यानेही तो घेतला होता. १७१० च्या सुमारास त्याला लोकांच्या शब्द तोडण्याच्या सवयीचा संताप येत असे, आणि त्याच्या डोळ्यांत विशेष खुपलेला एक शब्द होता ‘मॉब’. ‘मोबिले व्हल्गस’ या लॅटिन शब्दजोडीचे शेपूट तोडून तो बनवला होता. आज ‘मॉब’ हा शब्द न्यायालयाच्या निकालपत्रात येतो आणि कोणालाही खटकत नाही. ‘रिझ’ हाही ‘करिझ्मा’ या शब्दाचा मधला तुकडा मानला जातो; मॉबची शेपटी तोडली, याची डोके आणि शेपटी दोन्ही. ‘ओके’ची कथा तर याहून मजेची आहे. १८३९ मध्ये बॉस्टनच्या वर्तमानपत्री मंडळींत मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरे लिहिण्याची टूम निघाली होती, आणि ‘ऑल करेक्ट’चे चुकीचे स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरे छापली गेली. बाकीची टूम विरून गेली, हा एक शब्द जगभर पसरला. आज ज्या आजोबांना नातवाची संक्षेपे आवडत नाहीत, ते त्याला उत्तर देताना ‘ओके’ लिहितात.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे: शब्दांचा अर्थ उलटाच होऊ लागला तर नेमकेपणा जातो. ‘लिटरली’ म्हणजे शब्दशः, आणि मुले म्हणतात “आय लिटरली डाइड”. मलाही हे पूर्वी बोचत असे. मग एकदा मराठी वर्तमानपत्रात “बाजारात अक्षरशः आग लागली” असे वाचले आणि बातमी टोमॅटोच्या दराची निघाली. आपण ‘अक्षरशः’चे जे केले, तेच त्यांनी ‘लिटरली’चे केले. तरीही मला वाटते की नेमका अर्थ सांगायचा असेल तिथे, म्हणजे पंचनाम्यात, औषधाच्या चिठ्ठीत आणि करारात, असे झिजलेले शब्द टाळलेलेच बरे.

मग परीक्षेत आणि मुलाखतीत काय लिहावे?

सगळेच बरोबर असेल तर शिकवायचे काय, असे पालक मला विचारतात. बरोबर आणि चूक हे शब्दाच्या अंगात नसून जागेत असते, असे मी त्यांना सांगतो. पंगतीत मीठ, चटणी, कोशिंबीर यांच्या जागा ठरलेल्या असतात आणि त्या चुकल्या तर वाढप्याला बोलणी बसतात; तोच माणूस घरी चुलीजवळ बसून तव्यावरची भाकरी आणि ठेचा हातावर घेऊन खातो, आणि त्याला कोणी अडाणी म्हणत नाही. अर्ज, परीक्षा आणि कचेरीचे पत्र ही पंगत आहे. बेंगळुरूच्या कंपनीतल्या मुलाखतीत ‘प्रीपोन’ सहज खपेल. परदेशी ग्राहकाला पत्र लिहिताना त्याऐवजी बैठक ठरल्या वेळेआधी घेतली आहे असे साध्या शब्दांत लिहिणे शहाणपणाचे आहे, कारण तिथे शब्दाची शुद्धता नव्हे तर समोरच्याची समज हा प्रश्न आहे. ‘अमुक साली पास आउट झालो’ हे भारतात चालते, अमेरिकेला पाठवायच्या अर्जात ‘ग्रॅज्युएट’ लिहावे. ज्याला दोन्ही येते, त्याचे कुठेच अडत नाही.

आमच्या भागातल्या मुलांना हे इतरांपेक्षा लवकर कळायला हवे, कारण ती जन्मापासून हेच करत आली आहेत. घरी मराठी, शाळेत मराठी आणि कन्नड, बाजारात दोन्हींची मिसळ, आणि मोबाइलवर इंग्रजी. समोरच्याचा चेहरा पाहून “बगा की” म्हणायचे की “नोडरि” म्हणायचे, हे इथला भाजीवाला क्षणात ठरवतो. आमच्याकडच्या बायका “मी आलो”, “मी जेवलो” म्हणतात, आणि पुण्याला गेल्यावर त्यांना हसणारे भेटतात. त्या हसण्याने घायाळ होऊन काही मुली गप्प बसू लागतात, तर काही पुण्यात “आले” आणि घरी “आलो” असे बिनतक्रार बोलू लागतात. दुसऱ्या प्रकारच्या मुलींना इंग्रजी शिकवणे मला नेहमी सोपे गेले. गावाच्या नावाचेही पाहा: १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी इंग्रजी स्पेलिंग ‘बेळगावी’ झाले, परंतु कोणत्या कागदावर कोणते आणि कोणाच्या ओठी कोणते, हे इथल्या शाळकरी पोरालाही सांगावे लागत नाही.

आणि आपल्या मराठीचे काय?

मुले “मला क्रिंज वाटलं” (म्हणजे ओशाळल्यासारखं झालं), “त्यानं मला घोस्ट केलं” (म्हणजे काही न सांगता बोलणंच तोडलं) असे बोलतात आणि ऐकणाऱ्याला वाटते की मराठी संपली. या वाक्यांकडे बारकाईने पाहावे. क्रियापद मराठी आहे, विभक्ती मराठी आहे, वाक्याचा सांगाडा मराठी आहे. पाहुणा आला आहे तो फक्त एक शब्द. असे पाहुणे पूर्वीही आले आणि घरचेच झाले. बाजार आणि जमीन फारसीतून आले, बटाटा, पाव आणि चावी पोर्तुगिजांकडून आली, आणि अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे कन्नडाच्या घरचे आहेत. तूप हा परका शब्द आहे असे म्हणून कोणी वरणभात कोरडा खाल्ल्याचे मी पाहिलेले नाही.

मला काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. ज्या मुलाला ‘क्रिंज’ येते आणि ‘ओशाळणे’ही येते, त्याच्याकडे दोन शब्द आहेत, ज्याला ‘ओशाळणे’ कधी ऐकायलाच मिळाले नाही, त्याच्याकडे एकच आहे आणि तोही दोन-चार वर्षांत जुना होणार आहे. इंग्रजी स्लँगमुळे हे घडत नाही. घरात मुलांशी बोलणे कमी झाल्यामुळे, आणि जे बोलतो ते “अभ्यास झाला का” यापलीकडे न गेल्यामुळे घडते. ‘साडू’ हा शब्द माझ्या भाचीला माहीत नव्हता, याचा दोष मँचेस्टरकडे जात नाही; तिच्या मामाने तो तिच्यापुढे कधी वापरला नव्हता.

तिला तो आता ठाऊक झाला आहे. साडू, व्याही, विहीणबाई, नणंद, जाऊ अशी यादी तिने मोबाइलमध्ये लिहून घेतली, आणि धारवाडच्या मुलींनी त्यापुढे बीगरु आणि षड्डक हे कन्नड शब्दही भरून दिले.

कवटीचा प्रश्न मात्र वहिनींनी आपल्या पद्धतीने निकालात काढला. अर्थ समजला, राग नाही, पण लग्नाच्या अक्षता पडेपर्यंत ग्रुपवर कवटी येणार नाही, असा नियम त्यांनी जाहीर केला. भाचीने त्याला उत्तर म्हणून एक अंगठा पाठवला. वहिनींनी मला लगेच फोन करून सांगितले, “बघा, किती गुणाची पोर आहे. लगेच ऐकलं.”